भिंगऱ्याला गूळ चारणारे हात

भिंगऱ्याच्या पेजचा ॲडमिन कोण, यावर लोणी देवकरच्या चहाच्या टपरीपासून बारामतीच्या कॉलेजच्या कट्ट्यापर्यंत पैजा लागायच्या. कुणी म्हणे, बारामतीत शिकणारा एखादा इंजिनिअर असणार. कुणी म्हणे, मालकाचा मेहुणाच. भिंगऱ्या म्हणजे शर्यतीचा बैल. मैदानात सुटला की भिंगरीसारखा जायचा, म्हणून हे नाव. पेजवर तो स्वतःच बोलायचा. ‘काल शेजारचा बैल म्हणला, एवढा का पळतूस? म्हणलं, मागं मालकाचं पोट बघ. ते अंगावर यायच्या आत पोचाय लागतंय.’ मालक मानसिंगराव ते वाचून स्वतःच खदाखदा हसायचे आणि दहा जणांना पाठवायचे.

लिहिणारी होती योगिनी, म्हस्कूआबांची धाकटी लेक. लोणी देवकरच्या एका कंपनीत ती खोकी बांधायचं काम करायची. आबांनी तरुणपणी मेंढरं राखली, आता मानसिंगरावांच्या उसाला लागूनच त्यांचं थोडं रान होतं. गावात कुणाचंही जनावर अडलं की आबांना बोलावणं यायचं. भिंगऱ्या वासरू होता तेव्हापासून योगिनी त्या गोठ्यात जायची. पण पोरीच्या जातीनं बैलगाड्याच्या नादाला लागावं हे गावाला पटलं नसतं, म्हणून पेजचं गुपित तिच्यात आणि आबांच्यात राहिलं.

डेंग्यूच्या साथीत पंचायतीच्या भिंतीवरचा कागद कुणी वाचेना, तेव्हा तिनं भिंगऱ्यालाच बोलतं केलं होतं. ‘माझ्या हौदात आळ्या झाल्यात. मी बैल असून मला कळतंय, आठवड्यातनं एकदा हौद कोरडा करावा. तुमी तर माणसं हाय.’ गावच्या आशाताई ते मोबाईलवर दाखवत दारोदार फिरल्या होत्या. त्या दिवशी कंपनीत खोकी बांधताना योगिनी एकटीच हसत होती.

उसाचा हंगाम संपत आला तेव्हा भिंगऱ्याचा वाढदिवस आला. फ्लेक्स लागला, मांडव पडला. पेजवर तिनंच लिहिलं, ‘या समद्यांनी. केक तुमी खा, मला गूळ चारा. आपल्या हातानं. फोटू काढून हितं टाका.’ आणि माणसं आली. बारामतीहून पोरं मोटरसायकलींवर आली, सोमेश्वरनगरकडून ऊसतोडीची माणसं ट्रॅक्टरमधून आली. भिंगऱ्या त्या दिवशी जरा सुस्त होता. तोंडाला लाळ होती, पण गुळानं लाळ सुटायचीच. तो तळहात चाटायचा आणि पोरं फोटो काढायची.

तीन-चार दिवसांत त्याचं खाणं तुटलं. आवाज बसला. हंबरायला जाई तर घोगरा, फाटका सूर निघे, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. हौदापाशी नेलं तर तोंड पाण्यात घाली, पण घोट उतरेना. लाळेच्या तारा जमिनीला टेकल्या.

“घशात उसाच्या वाढ्याचं कांडं अडाकलंय,” मानसिंगराव म्हणाले. “म्हस्कूआबा, तुमी बघा बरं.”

आबांनी बाही वर सारली आणि कोपरापर्यंत हात त्याच्या घशात घातला. योगिनीनं त्याच्या तोंडाभोवतीची दोरीची मुरकी धरून ठेवली होती. लाळ तिच्या बोटांवरून ओघळत होती. खोकी बांधायच्या पट्टीनं तिच्या बोटांना कायम चिरा पडलेल्या असायच्या. त्या चिरांत लाळ चुरचुरली, तशी तिनं ओढणीला बोटं पुसली.

“काय बी न्हाय घशात,” आबा म्हणाले. त्यांच्या मनगटावर दाताचा ओरखडा उठला होता.

दुपारी जनावरांच्या डॉक्टर प्राची मॅडम आल्या. त्या गोठ्याच्या दाराशीच थांबल्या. भिंगऱ्या कपाळ खुंट्यावर आपटत होता, ते त्यांनी बराच वेळ नुसतं पाहिलं.

“मानसिंगराव, महिन्या-दोन महिन्यांत याला कुत्रं चावलं होतं का?”

“न्हाय.”

घराच्या दारातून राजलक्ष्मीवहिनी बोलल्या, “अवो, त्या रानातल्या कुत्र्यानं नाकाड धरलं हुतं की! हळद नव्हती का भरली आपण?”

मानसिंगरावांनी बायकोकडं असं पाहिलं की त्या पदर ओढून आत गेल्या.

“मला पिसाळ्याचा संशय आहे,” प्राची मॅडम म्हणाल्या. “रेबीज. बैल वाचणार नाही. पण ज्यांच्या हाताला याची लाळ लागली आहे, त्या सगळ्यांनी आत्ताच्या आत्ता साबण लावून भरपूर पाण्याखाली हात धुवा आणि आजच इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात जा. तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ लागेल, त्याची वाट बघू नका. मी तिकडं कळवतेच.”

त्यांची गाडी वळताच मानसिंगराव म्हणाले, “हे गावात बोलायचं न्हाय. घशाचा आजार हाय. कुणी इचारलं तर तेवढंच सांगायचं.”

योगिनी हौदावर हात धूत राहिली. साबणाची अर्धी वडी झिजली तरी तिचं मन भरेना, तोवर इंदापूरची शेवटची एसटी निघून गेली. रात्रभर तिनं फोनवर वाचलं. लक्षणं दिसायच्या आत इंजेक्शन घेतलं तर माणूस वाचतो, लक्षणं दिसल्यावर उपाय नाही. ही दोन वाक्यं तिनं इतक्यांदा वाचली की ती डोळे मिटले तरी दिसू लागली. उठून तिनं तांब्याभर पाणी घेतलं. घोट उतरतो का बघू. उतरला. थोड्या वेळानं पुन्हा उठली, पुन्हा घोट घेतला. घसा कोरडा पडला होता तो कशानं, भीतीनं का त्या रोगानं? बाजूला आबा घोरत होते आणि ती त्यांच्या श्वासाकडं कान लावून बसली होती.

सकाळी भिंगऱ्या गेला. प्राची मॅडमच्या माणसांनी तपासणीसाठी नमुना नेला. मग बैल बांधावर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरला.

“आबा, चला इंदापूरला.”

“कशाला? जल्म गेला जनावरात. किती कुत्री चावली मला. काय झालं?”

“ती पिसाळलेली नव्हती.”

“पोटात चौदा सुया मारत्यात. मी न्हाय येणार. तू जा.”

मग तिनं फोन उघडला. वाढदिवसाचे सगळे फोटो पेजवर होते. ती एकेक मोठा करून बघू लागली. इथं हात, तिथं हात, सगळे भिंगऱ्याच्या तोंडाशी. एका पोराच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. एक ऊसतोडीची बाई, कडेवर वर्षाचं लेकरू, आणि लेकराची मूठ थेट बैलाच्या ओठांत. ह्या सगळ्यांना आपणच बोलावलं होतं.

नेहमीची सवय म्हणून तिनं भिंगऱ्याच्याच तोंडून लिहिलं. ‘मी गेलो. मला पिसाळलेलं कुत्रं चावलं हुतं. वाढदिवसाला ज्यानी ज्यानी मला गूळ चारला, त्यानी आजच सरकारी दवाखान्यात जाऊन इंजेक्शन घ्या.’

घटकेत हसऱ्या तोंडांचा पाऊस पडला. ‘वा भाऊ, आता स्वर्गातनं पोस्ट?’ ‘आधी मला बी गूळ चारा, मग जातो.’ एकानं लिहिलं, ‘मला कालपासनं भुंकावंसं वाटतंय.’ त्याला शेकड्यांनी हसले. एकानं गावठी मुळीचा पत्ता दिला. चौदा सुयांची गोष्ट तर पाच-सहा जणांनी सांगितली. आजवर तिनं लोकांना ज्या आवाजानं हसवलं, त्या आवाजानं आता कुणी घाबरेचना.

इंदापूरच्या एसटीत ती एकटी बसली. दवाखान्यात डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि विचारलं, “लाळ ह्या चिरांवर लागली?” तिनं मान हलवली. आधी चिरांभोवती सुई टोचली, तेव्हा डोळ्यांत टचकन पाणी आलं. मग दंडावर. नर्सबाईंना तिनं विचारलं, “मी व्हिडिओ काढू का?”

“कशाला?”

“लोकं मरतील, बाई.”

फोन नर्सबाईंनीच धरला. योगिनीनं ओढणी कपाळावरून मागं सारली. “मी योगिनी. म्हस्कूआबांची लेक. भिंगऱ्याचं पेज मीच चालवते. मागली पोस्ट गंमत नव्हती. डॉक्टरांना पिसाळ्याचा संशय हाय. मी त्याची मुरकी धरली हुती, माझ्या बोटाला चिरा हुत्या. मला लई भ्या वाटतंय. सुई पोटात न्हाय, दंडावर देत्यात, ही बघा. आज एक, पुढच्या बी चुकवायच्या न्हाईत. ज्यानी गूळ चारला, त्यानी या. उद्या न्हाय, आज या.”

तिनं तो टाकला आणि फोन पिशवीत तळाशी ढकलला.

घरी पोचेपर्यंत फोन तापला होता. कुणी लिहिलं होतं, पोरगी असून बैलाचं पेज चालवती, लाज सोडली. कुणी लिहिलं, मानसिंगरावांचं नाव बुडवाय निघाली. एकानं नुसतं तिच्या घराचं ठिकाण टाकलं होतं, पुढं काहीच नाही. ते काहीच नसणं तिला सगळ्यात भयंकर वाटलं. तिनं दाराला कडी घातली.

“कुणाला भ्यातीस?” आबांनी विचारलं.

“समद्यांनाच.”

दिवस कलताना बाहेर जीप थांबली. मानसिंगराव. एकटेच. आबा काठी घेऊन दारात उभे राहिले. योगिनी त्यांच्या मागं, भिंतीला चिकटून.

मानसिंगराव ओट्यावर बसले. त्यांचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता.

“आबा, माझ्या धाकल्या चुलत्याला पिसाळ्यानं नेलं. मी पाचवीत हुतो. गोठ्यात बांधून ठिवलं हुतं त्यांना. पोरं पाण्याचा तांब्या दावायची आन् ते ओरडायचे. मी बी दावला हुता तांब्या.” त्यांनी मागं भिंतीला डोकं टेकलं. “डॉक्टरीणबाईनं नाव घेतलं आन् मला तो आवाजच आला. नाव काढलंच न्हाय तर ते येणार न्हाय, असं वाटलं. रोज सकाळी मीच त्याच्या तोंडात हात घालत हुतो, पोरी.”

मग त्यांनी योगिनीच्या दंडाकडं बोट केलं.

“लई दुखतं का गं?”

“दंडाचं काय न्हाय, दादा. मुंगी चावल्यागत.”

“आन् आपुन आता उशीर तर न्हाय केला?”

“डॉक्टर म्हणले, लक्षण दिसायच्या आत कधीबी घेतलं तर घ्यावंच. पण थांबू नगा.”

मानसिंगराव उठले. “आबा, बसा गाडीत. तुमी येणार न्हाय तर मी बी जाणार न्हाय. माझ्याच्यानं एकट्यानं हुणार न्हाय.”

आबांनी काठी भिंतीला लावली. त्यांनी मनगटावरच्या ओरखड्याकडं पाहिलं आणि योगिनीला पहिल्यांदाच आपला बाप घाबरलेला दिसला. ते मुकाट्यानं जीपमध्ये चढले, मागं योगिनी. दवाखान्यात पोचल्यावर त्यांनी नर्सबाईंना दोनदा विचारलं, पोटात न्हाय ना?

त्याच दवाखान्याच्या बाकावर बसून मानसिंगरावांनी योगिनीला पेजवर दुसरा व्हिडिओ टाकायला लावला. ‘मी भिंगऱ्याचा मालक. पोरगी खरं बोलतीय. कुत्रं चावलं हुतं, मी दडवलं. या.’ मग मात्र हसरी तोंडं थांबली. दुसऱ्या दिवशी दवाखान्याबाहेर मोटरसायकली लागल्या. बारामतीच्या पोरांनी बारामतीतच इंजेक्शनं घेतली आणि दंडाचे फोटो टाकले. भुंकावंसं वाटणाराही आला. त्यानं दारात उभ्या असलेल्या योगिनीला हात जोडले, ती नुसती म्हणाली, “पुढची चुकवू नका.”

वाढदिवसाच्या फोटोतले चेहरे ओळखीचे निघत गेले. कुणाचा मामेभाऊ, कुणाच्या वर्गातला. सगळ्यांना निरोप गेले. राहिली ती एकच, कडेवर लेकरू असलेली बाई. योगिनी कामावर खोकी बांधायची आणि डोळ्यांपुढं ती इवली मूठ यायची. हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला होता, ऊसतोडीच्या टोळ्या आपापल्या गावी गेल्या होत्या. सोमेश्वरनगरच्या त्यांच्या पाचटाच्या कोप्या रिकाम्या झाल्या होत्या, तिथं मानसिंगराव स्वतः जाऊन आले. कुणाला नाव ठाऊक नव्हतं. योगिनीनं लेकराचं तोंड झाकून फोटो टाकला. ‘ह्या ताईंना कुणी वळखतं का? भांडण न्हाय, तक्रार न्हाय. लेकराला इंजेक्शन पायजे.’ तो फोटो हजारोंनी पुढं पाठवला. ट्रॅक्टरवाल्यांच्या ग्रुपवर गेला, टोळ्यांच्या मुकादमांच्या ग्रुपवर गेला. एक दिवस गेला, दुसराही गेला. प्राची मॅडमचा फोन आला, तपासणीत रेबीजच निघाला. योगिनीनं त्या दिवशी डबा उघडला नाही.

मग दुपारच्या सुट्टीत अनोळखी नंबर वाजला. मागं कुठलीशी गर्दी, वाऱ्याचा आवाज.

“हॅलो, कोण?”

“त्या फोटूतली बाई बोलतीय. बीडकडनं. मुकादमानं फोटू दावला. मला वाटलं, काय गुन्हा झाला का काय, भिऊन दोन दिस मी बाहीर आलेच न्हाय.”

“ताई, लेकराला कायतरी हुतंय का? पाणी पितंय ना? दूध पितंय ना?”

“पितंय की.”

“आत्ता कुठं हायसा?”

“दवाखान्यात. आताच सुई टोचली त्याला. मलाबी. ऐका, कसं बोंबलतंय.”

बाईनं फोन लेकराच्या तोंडापाशी नेला असावा. योगिनीच्या कानात एकदम ते रडणं भरलं, चांगलं खणखणीत, रागावलेलं. ती कंपनीच्या पायरीवर खाली बसली. पलीकडून बाई काहीतरी विचारत होती, पुढची सुई कधी, त्याला अंघोळ घालायची का. योगिनीनं फोन कानाशी आणखी घट्ट धरला. ती म्हणाली, “ताई, फोन ठिवू नगा. रडू द्या त्याला अजून जरा.”