भिजवून नेलेला वाडगा

माणसानं हट्टी असावं, पण किती! गल्लीभर जिला मावशी म्हणत, त्या बाईनं वीस वर्षं कारखान्यात कपबशा रंगवल्या आणि एक दिवस सरळ मागच्या खोलीत स्वतःची विजेची भट्टी बसवली. आता पहिली मोठी ऑर्डर दाराशी आली होती. इस्पितळाच्या कँटीनला मायक्रोवेव्हमध्ये चालतील असे दोनशे वाडगे हवे होते. सोमवारी नमुना पटला तर ठीक, नाहीतर मुकाट्यानं परत कारखान्यात.

शुक्रवारी सकाळी सुनेनं मायक्रोवेव्हमध्ये रिकामा वाडगा ठेवला, शेजारी पेलाभर पाणी, आणि मिनिटभर चालवला. पाणी तापलं, वाडगा गार. मावशीला आभाळ ठेंगणं झालं. दुपारी तोच वाडगा धुण्याच्या टबातून काढून तिनं त्यात सूप गरम केलं, उचलायला गेली आणि बोटं चांगलीच पोळली.

तिनं वाडगा उलटा केला आणि चुटकीसरशी उमगलं. भट्टीत चिकटू नये म्हणून बुडाला चकाकीचा लेप देत नाहीत. माती पुरती भाजली नव्हती, त्यामुळे ती तिथून पाणी प्यायली होती, आणि तेच पाणी तापलं होतं.

"कोरडाच न्या ना आई," सून म्हणाली. "त्यांना काय कळतंय?"

"त्यांना नाही कळणार. तिथल्या नर्सच्या बोटांना कळेल."

झालं, बाईनं कंबर कसली. शनिवारी सहा नवे वाडगे भरून भट्टीची आच आणखी चढवली. जास्त झाली तर वाडगे मऊ पडून खाली बसणार, म्हणून दिवसभर ती भट्टीपाशीच. रविवारी दार उघडलं तर सहांपैकी दोन बसलेले, चार ताठ उभे. मावशीनं सुनेला धरून गरकन फिरवलं. मग चारही पाण्यात बुडवून ठेवले.

सोमवारी कँटीनच्या टेबलावर आणखी दोघांचे नमुने होते, कोरडे, चकचकीत. मावशीनं बादलीतून ठिबकता वाडगा काढला.

"पुसायचा राहिला वाटतं," कँटीनच्या बाई म्हणाल्या.

"तुमच्याकडे दिवसातून दहादा धुणार. असाच तपासा."

बाईंनी तो तसाच मायक्रोवेव्हमध्ये पाण्याच्या पेल्याशेजारी ठेवला. मिनिटानं फडकं घेऊन हात घातला, मग फडकं बाजूला टाकून वाडगा नुसत्या हातात धरला आणि धरूनच राहिल्या.

"दोनशे कधी देता?"

"महिन्याभरात," मावशी म्हणाली, आणि त्या परक्या कँटीनमध्ये सगळ्यांसमोर ओक्साबोक्शी रडायला लागली.