दारची जास्वंद

पत्नीच्या ऑपरेशनच्या दिवशी आमच्या सुकत चाललेल्या जास्वंदीला फूल आलं, ही गोष्ट मीच किन्हवली गावभर सांगत फिरलो. लोक ती आजही सांगतात, आणि ऐकताना मला मान वर करवत नाही. म्हणून घडलं तसं लिहितो आहे.

नव्वदच्या दशकातला उन्हाळा होता. पत्नी सुमन ठाण्याच्या इस्पितळात, मुलगा तिच्याजवळ. मी मात्र घरी, कारण ती परत येईपर्यंत माझ्या दारच्या लाल जास्वंदीचं फूल रोज स्वतःच्या हाताने गणपतीला वाहण्याचा नवस बोललो होतो. खरं तर तिची अवस्था बघण्याचं धैर्य नव्हतं. नवसाचा आडोसा बरा वाटला.

पहाटे दुसऱ्याच्या कुंपणातली फुलं पूजेला तोडायची आमच्याकडे रीतच. पण शेजारच्या पार्वतीवहिनींचा हात माझ्या फांदीवर दिसला, तेव्हा मी चारचौघांत त्यांना चोर म्हटलं होतं आणि कुंपणाला काटे लावले होते.

ऐन नवसात झाडावर कापसासारखी पांढरी कीड पडली. तंबाखूचं पाणी मारलं, तरी कळ्या पिवळ्या होऊन गळतच राहिल्या. ऑपरेशनच्या सकाळी एकही फूल नव्हतं. मी येरझारा घालत होतो, तीच तीच पानं उलटून बघत होतो. वहिनींच्या मागच्या दारी जास्वंद फुलते हे ठाऊक होतं. पण नवस माझ्या दारच्या फुलाचा, आणि त्यांच्याकडे जायला तोंडही नव्हतं.

तेवढ्यात वहिनीच कुंपणाशी आल्या.

"काय शोधताव भावजी? कळी काय पानामागं लपून बसलीय?"

त्यांनी काट्यांवरून एक लाल फूल पुढे केलं.

"ह्ये घ्या. तुमच्याच झाडाचं हाय. छाटलेली फांदी तुमी उकिरड्यावर टाकलीवती, ती मी लावली. चोराच्या हातचं चालंल ना तुमच्या देवाला?" मग आवाज उतरला. "सुमन कशी हाय आमची?"

मला रडूच फुटलं. ते फूल मी तसंच गणपतीला वाहिलं.

दुपारी किराणा दुकानातल्या फोनवर मुलाचा निरोप आला. आई शुद्धीवर आली होती, धोका टळला होता. विचारणाऱ्यांना आनंदाच्या भरात मी एवढंच म्हणालो, "जास्वंदीला फूल आलं." पुढे ते मीच सजवत गेलो. वहिनी समोर बसून ऐकायच्या. त्यांनी एकदाही खोडून काढलं नाही.

त्या फुलाला मी आजही देवाची कृपाच मानतो. ती कोणाच्या हातून आली, एवढंच लपवलं. नवस काटेकोर पाळला की आपण देवाला शरण गेलो, अशी माझी समजूत होती. त्या सकाळी वाहायला काही उरलं नव्हतं आणि मागायची लाज वाटत होती. मी फक्त ओंजळ पुढे केली. माझं म्हणावं असं त्यात तेवढंच.