झंडी लावून गेलेल्या वसुधाबाई

मी बुटाचे बंद बांधून तयार बसलो होतो. दहा वाजता नगर निगमची जीप मला घ्यायला आमच्या नगरा मोहल्ल्यात येणार होती, आणि जीपमध्ये वसुधाबाई असणार होत्या. आम्ही दोघं शहराबाहेर बिजौलीला जाऊन तिथल्या प्रयोगशाळेच्या फाटकावर त्यांनी लावलेली लाल झंडी काढणार होतो. जीप आली नाही, फोन आला. ड्रायव्हर रडत होता. ‘‘दादाजी, मैडम नहीं रहीं… सुबह चाय पी रही थीं, बस वहीं…’’ फोन हातात धरून मी उभा राहिलो, आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘‘अरे, मग झंडी कोण काढणार?’’ सूनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की बस्स. माणूस गेल्याची बातमी आलीय आणि म्हातारा झंडीचं बोलतोय! आता पाच आठवडे झाले. मला त्या वाक्याची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. वसुधाबाईंनी ते ऐकलं असतं तर टेबलावर हात आपटून ‘‘बरोब्बर काका!’’ म्हणाल्या असत्या, एवढं मी त्यांना ओळखत होतो.

वसुधाबाई झाशीच्या नगर निगममध्ये आरोग्य अधिकारी. त्यांचं घराणं शहरातलं, फार जुन्या काळी कारभारी म्हणून इकडं आलेलं. आमचं रेल्वेचं. वडील भुसावळकडून बदली होऊन आले. मी चौथीनंतर शाळेला रामराम ठोकला आणि वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात खलाशी, म्हणजे हरकाम्या मदतनीस, लागून फिटर म्हणून रिटायर झालो. गणपतीत दोन्हीकडची मराठी माणसं एकत्र येतात खरी, पण शहरातले पुढं खुर्च्यांवर आणि रेल्वेवाले मागं सतरंजीवर, हे न बोलता ठरलेलं. मी मागं कधी बसलो नाही. अख्खा कार्यक्रम उभ्यानं ऐकीन, पण मागं बसणार नाही! त्यामुळं निगमची डॉक्टरीणबाई डेंग्यूच्या तपासणीला आमच्या दारात आली तेव्हा माझं डोकं आधीच तापलेलं होतं. त्या म्हणाल्या, कूलरमधलं पाणी ओता. मी म्हटलं, ‘‘माझ्या घरात डास नाही. रेल्वेच्या माणसाला स्वच्छता शिकवू नका.’’ त्यांनी वाद घातला नाही. सूनबाईकडून एक पांढरी वाटी मागून घेतली, कूलरचं पाणी तिच्यात घेतलं आणि माझ्या नाकासमोर धरली. ‘‘काका, चष्मा लावा आणि मोजा.’’ वाटीत अळ्या वळवळत होत्या. मी मोजल्या नाहीत, पाणीही ओतलं नाही. दंड करा म्हटलं.

त्याच महिन्यात सूनबाई डेंग्यूनं पडली. रेखा तिचं नाव. आठ दिवस हॉस्पिटलात होती, त्यातले दोन तर… जाऊ द्या. घरी आल्यावर ती मला कूलरबद्दल एक शब्द बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. वसुधाबाई तिला बघायला आल्या तेव्हा मी अंगणातच थांबलो. वाटलं, आता ही बाई वाटीचं काढणार. नाही काढलं. जाताना म्हणाल्या, ‘‘काका, उद्यापासून ह्या गल्लीतले कूलर तुम्ही तपासा. तुमच्यासमोर नाही म्हणायची कोणाची छाती होणार नाही.’’ झालं! दुसऱ्या दिवसापासून पांढरी वाटी घेऊन मी दारोदार. लोक मला बघून आपणहून पाणी ओतायला लागले.

मग आली ती बिजौलीची प्रयोगशाळा. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या शेडमध्ये. नगऱ्यात बातमी पोचली ती अशी, की सायन्सवाले डास तयार करून आपल्या मोहल्ल्यात सोडणार आहेत. मी पेटलो! आधीच काय कमी आहेत? माझी सून मरता मरता वाचलीय आणि हे अजून डास सोडणार? गल्लीभर माणसं घेऊन मी इलाइट चौराह्यावरून घोषणा देत निगमच्या दारात गेलो. वसुधाबाईंनी मला एकट्याला आत बोलावलं, पंख्याखाली बसवलं आणि सगळं समजावलं. चावते ती मादी, नर चावत नाही. हे लोक फक्त नर सोडणार. त्यांच्या जनुकात, म्हणजे आपण बीज म्हणतो त्यात, असा बदल केलाय की त्यांना ज्या माद्या होतील त्या मोठ्या व्हायच्या आतच मरतील. माद्या कमी झाल्या की डेंग्यू कमी. मला पटलं, पण लगेच पटलं असं दाखवणाऱ्यांतला मी नाही. मी विचारलं, ‘‘आणि चुकून भलतंच काही दारातून निसटलं तर?’’ वसुधाबाई खुर्चीतून उठल्याच. टेबलावर हात आपटला. ‘‘हाच! हाच प्रश्न मला हवाय, काका! दिल्लीची परवानगी त्यांच्याकडे आहे, पण ती शास्त्राची. गल्ली आपली आहे. आजारी पडणारी माणसं आपली आहेत. मग शहराचा काही नियम नको? शोध लागू दे, मला तर हवाच आहे, पण दार नीट बंद असू दे. तुम्ही सांगा, वॅगनखाली माणूस शिरला की तो जिवंत बाहेर येईल याची रेल्वे काय तजवीज करायची?’’

एवढ्या वर्षांत मला माझ्या कामाचं कोणी विचारलं नव्हतं. घरच्यांनी नाही, गणपतीतल्या खुर्चीवाल्यांनी तर नाहीच. मी तासभर बोललो. वॅगनखाली जाण्याआधी फिटर दोन्ही टोकांना लाल झंडी लावतो. झंडी आहे तोवर गाडी हलवायची नाही. आणि ज्यानं लावली त्यानंच काढायची. फोरमननं हात लावायचा नाही, बड्या साहेबानं लावायचा नाही. एकदा एकानं माझी झंडी ‘काम संपलं असेल’ म्हणून काढली होती. गाडी वीतभर हलली. मी बूट काढून डावा पाय त्यांना दाखवला. करंगळी नाही तिथं. वसुधाबाई पायाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मिळाला मला माझा नियम.’’

ते महिने काय होते म्हणून सांगू! आठवड्यातून दोनदा मी त्यांच्या ऑफिसात. शहराच्या नियमाचा मसुदा बनत होता आणि चौथी पास माणूस त्यात तोंड घालत होता. जिथं डास सोडायचे तिथल्या प्रत्येक मोहल्ल्यातला एक माणूस देखरेख समितीत, नगऱ्यातून मी, आणि वर निगमच्या डॉक्टर म्हणून वसुधाबाई. समितीतला कोणीही कधीही प्रयोगशाळेत जाईल, खोट दिसली तर फाटकावर लाल झंडी लावेल, कारण रजिस्टरमध्ये लिहील, आणि त्या क्षणी काम बंद. इथवर आमचं जमलं. पुढं त्यांनी लिहिलं, ‘झंडी समिती बहुमतानं काढेल.’ मी म्हटलं, खोडा. त्या म्हणाल्या, ‘‘काका, थोडी सोय ठेवावी लागते.’’ ‘‘माझी करंगळी अशाच एका सोयीपायी गेली.’’ तीन दिवस आम्ही बोललो नाही. चौथ्या दिवशी त्यांनी कागद पाठवला. ओळ खोडलेली होती आणि वर लिहिलं होतं, ‘जो लावील तोच काढील.’ खाली बारीक अक्षरात, ‘हट्टी म्हातारा!’ तो कागद रेखानं मोठ्यानं वाचला आणि किती दिवसांनी आमच्या घरात दोघं एकदम हसलो.

निगमच्या सदनात नियम आला त्या दिवशी मी मागच्या बाकांजवळ होतो. उभाच. एक पार्षद, म्हणजे नगरसेवक, हसून म्हणाले, ‘‘डॉक्टर साहिबा, ये नगर निगम है, रेलवे यार्ड नहीं.’’ वसुधाबाई म्हणाल्या, ‘‘भैया, यार्ड में हाथ-पैर कटने के बाद नियम बने थे. मैं पहले बनवाने आई हूँ.’’ नियम पास झाला. मी शिट्टी मारली. हो, मारली. चपराशानं दटावलं तरी पुन्हा मारली.

पहिल्याच तपासणीत झंडी लागली, आणि लावली वसुधाबाईंनीच. अंड्यांच्या खोलीमागच्या खिडकीची जाळी एका कोपऱ्यात सुटलेली. त्यांनी बोट घातलं, ते आरपार गेलं. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, ‘‘मैडम, इतने-से छेद से क्या होगा?’’ ‘‘इसमें से हाथी थोड़े निकलेगा, भाईसाहब, मच्छर ही निकलेगा!’’ असं म्हणत त्या फाटकापर्यंत गेल्यासुद्धा. झंडी बांधताना त्यांना धाप लागली होती. मी बांधतो म्हटलं तर म्हणाल्या, ‘‘छट्, माझी आहे.’’ आणि पुढच्या गुरुवारी जाळी बघून काढायचं ठरलं… तो गुरुवार मी वर सांगितलाच.

तेराव्याच्या आतच प्रयोगशाळेचा निरोप आला. जाळी दुरुस्त झालीय, आता झंडी काढा. निगममध्ये नवे प्रभारी अधिकारी आले होते, तरुण, बोलायला गोड. ते म्हणाले, ‘‘दादाजी, मैं एक आदेश निकाल देता हूँ.’’ मी म्हटलं, ‘‘निकालिए. मैं फाटक पर बैठा मिलूँगा.’’ आणि खरंच बसलो! डबा घेऊन, छत्री घेऊन, दोन दिवस. पण आतून मी हललो होतो. पावसाच्या आत डास सुटले नाहीत तर हा मोसम वाया, पुन्हा घरोघर ताप, पुन्हा हॉस्पिटल. आणि झंडी कोणीही येऊन काढली तर नियम पहिल्याच वर्षी मेला. बाईंच्या दोन्ही इच्छा एकमेकींसमोर उभ्या, आणि मधे मी. तिसऱ्या दिवशी रेखा रिक्षा करून बिजौलीला आली. फाटकाकडे बघून म्हणाली, ‘‘बाबा, त्यांनी जाळी नीट व्हावी म्हणून झंडी लावली. काम कायमचं बंद व्हावं म्हणून नाही. तुमच्या कारखान्यात एखादा माणूस मधेच आजारी पडत नव्हता का?’’

पडत होता! का नाही पडणार! आणि तेव्हा काय करायचे हे मी विसरलोच कसा? रागात विसरलो. नवा फिटर यायचा. आधी स्वतःची झंडी लावायचा, मग पहिल्याचं काम अर्ध्यातून उचलायचा नाही, पहिल्या चाकापासून पुन्हा सगळं बघायचा, आणि मगच पहिल्याची झंडी काढून त्याच्या घरी पोचवायचा. मी तिथूनच प्रभारींना फोन लावला. ‘‘साहब, आदेश मत निकालिए, पूरी जाँच निकालिए. शुरू से!’’ तो पोरगा शहाणा निघाला. दुसऱ्याच दिवशी समिती हजर, नगऱ्यातली माणसं हजर. मी माझी झंडी वसुधाबाईंच्या झंडीशेजारी बांधली आणि आत शिरलो. त्यांची जाळी पाहिली. अगदी ढोलासारखी ताणलेली. पण मी उदबत्ती पेटवून सगळ्या दारांच्या कडांवरून फिरवली. हवा कुठून जाते ते धूर सांगतो, ही फिटरची जुनी रीत. दुसऱ्या दाराशी, अगदी खाली, धूर झुकला आणि सुळ्ळकन बाहेर ओढला गेला! रबराची पट्टी चार बोटं कमी पडत होती. सगळे खाली वाकून बघायला लागले. प्रयोगशाळेचे साहेब तर सरळ पालथे पडून. उठले तेव्हा शर्टाला माती, आणि म्हणाले, ‘‘दादाजी, ये तो हमारी मशीन ने भी नहीं पकड़ा.’’ इतका आनंद मला रिटायर झाल्यापासून झाला नव्हता, आणि वळून सांगायला बाई नव्हत्या… मी बाहेर आलो. वसुधाबाईंची झंडी सोडली, चार घड्या घातल्या. माझी राहिली.

पट्टी बसायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत मी रस्ता रेखाचा हात धरून ओलांडला, लोणचं खाल्लं नाही, रक्तदाबाची गोळी वेळेवर घेतली. रेखा हसायची. ‘‘बाबा, असं काय?’’ मी म्हटलं, ‘‘माझी झंडी आहे बाई वर.’’ चौथ्या दिवशी ती मीच काढली. त्याच आठवड्यात नगऱ्यात पहिला डबा उघडला आणि ढगाखाली ते बारकुले जीव धुरासारखे वर गेले. जन्मभर ज्यांना टाळ्या वाजवून मारलं त्यांच्यासाठी सगळ्या गल्लीनं टाळ्या वाजवल्या!

नियमात आता एक रकाना वाढलाय. झंडी लावणाऱ्यानं आपल्यानंतर कोण ते आधीच लिहून ठेवायचं. तो रकाना मीच मागितला. हट्टी माणसालाही कधी कधी कळतं. माझ्या नावापुढं मी रेखाचं नाव घातलं. तिला न विचारता. विचारलं असतं तर नको म्हणाली असती. ते रजिस्टर निगमच्या ऑफिसात, वसुधाबाईंच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात असतं. त्या कपाटाला बाई आपल्या घरातल्यासारखं फडताळ म्हणायच्या. परवा मी गेलो तर नव्या बाबूनं, जो मराठीचं अक्षर जाणत नाही, आत हाक मारली, ‘‘अरे भैया, फड़ताल खोलो, दादाजी आए हैं!’’ रजिस्टर आलं. पहिल्याच पानावर, पहिल्या ओळीत, डॉक्टर वसुधाबाईंचं नाव. त्यांच्या काळी तो रकाना नव्हता, पण कोणीतरी पट्टीनं रेघ ओढून तयार केला होता, आणि ‘इनके बाद’ खाली, स्वच्छ अक्षरात, माझं नाव लिहिलं होतं. मी खुर्ची मागितली आणि बसून वाचलं.