झुमक्यांचं पोस्टेज

ही फजिती मीच सांगून टाकतो. आमच्या सुलभाच्या तोंडून ऐकाल, तर मी आहे त्याहून जास्त येडा वाटीन.

सुलभा, म्हणजे आमची सौ., रेशमी धाग्याचे झुमके करते. अमरावतीतल्या सगळ्या मैत्रिणींचे कान भरून झाले, तेव्हा भाचीनं तिला इंटरनेटवर दुकान उघडून दिलं. फोटो, रंग, किमती, सगळं त्या दोघींनी केलं. राहिलं फक्त पोस्टेज आणि पॅकिंग. ते म्हटलं मी पाहतो. सव्वीस वर्षं कॉलेजात कॉमर्स शिकवून राहिलो, मला नाही जमणार तर कोणाला?

स्वयंपाकघरातला वजनकाटा घेतला. झुमके, डबी, कागद, चिकटपट्टीचा तुकडासुद्धा मोजला. चाळीस ग्रॅम भरले. साइटवर पाकिटाच्या वजनाचा एक चौकोन होता, त्यात ४० टाकले. त्यावरून पोस्टेज साइट आपोआप काढते म्हणे. काढू दे. मग छोटे व्यापारी पोस्टेजमध्ये कसे बुडतात, यावर सुलभाला अर्धा तास ऐकवलं.

पंधरा दिवस एक ऑर्डर नाही. निरोप तेवढे यायचे, पोस्टेज जरा जास्त वाटते म्हणून. सुलभा म्हणाली, एकदा उघडून पाहा तरी. मी कशाला पाहू? आपल्या लोकांना वस्तू पाहिजे, पण ती पोचवणारा फुकटात पाहिजे, हे मी तिला समजावून सांगितलं आणि उत्तरं द्यायचं कामही माझ्याकडे घेतलं. अकोल्याच्या एका बाईंना लिहिलं, 'मॅडम, पॅकिंग हीसुद्धा एक कला आहे. ज्यांना परवडत नाही त्यांनी बाजारातून घ्यावे. किंवा साइटवरच्या पत्त्यावर स्वतः येऊन न्यावे.' हे वाक्य मला इतकं आवडलं की स्टाफरूममध्ये वाचूनही दाखवलं.

रविवारी सकाळी दारात एक बाई उभ्या. काखेत पिशवी, कपाळावर घाम.

"तुमीच म्हटलं ना, येऊन न्या? मी अकोल्याची पुष्पा. आली."

सुलभानं त्यांना बसवलं, पोहे टाकले. पुष्पाताईंचं अकोल्यात रेशनचं दुकान. त्या म्हणाल्या, एसटीत बायांना अर्धं तिकीट, जाणं-येणं आणि वरून ऑटो धरला तरी हजाराच्या वर वाचले. मला वाटलं, बाई थट्टा करून राहिली. त्यांनी मोबाइल पुढे केला. झुमके एकशे ऐंशी. पोस्टेज चौदाशे साठ.

साइटच बिघडली असणार, असं मी ठासून सांगितलं आणि पुरावा म्हणून लॅपटॉप उघडला. पुष्पाताईंनी चष्मा चढवला. रोज तराजूपाशी बसणारी बाई ती. माझ्या चाळीसपुढं बोट ठेवून म्हणाल्या,

"सर, येथं तं किलो लिवलं हाय. चाळीस किलोचे झुमके घालून बाई उभी कशी राहीन?"

सुलभा पोह्यांची प्लेट घेऊन आली होती. ती प्लेट तिनं माझ्यासमोरून उचलून पुष्पाताईंना दिली.

मी किलोचे ग्रॅम केले, माफी मागितली. पुष्पाताई तीन जोड घेऊन गेल्या आणि साइटवर अभिप्राय टाकला: 'झुमके लय सुंदर. घरी जाऊन घ्या, पोहे भेटतात.'

पुढच्या रविवारी भातकुलीहून तिघी आल्या. मग वरूडहून एक जोडपं, सोबत संत्र्यांची पिशवी. महिन्यात सुलभाचा सगळा माल घरातूनच उठला. आल्यागेल्याला वजन कसं करावं ते मी समजावत होतोच. भातकुलीच्या एकीची तर त्यात बस चुकली.

परवा सहज दुकान उघडून पाहिलं. पोस्टेजच्या खाली सुलभानं ठळक अक्षरांत दोन ओळी टाकल्यात. 'घरी येऊन घेतल्यास पोस्टेज नाही. सर घरी नसतात ती वेळ अकरा ते चार.'