मामाचं पत्र्याचं चिलखत

बिबट्या मानेलाच धरतो, म्हणून आता आमच्या लोणी गावात बाया खुरपायला जाताना गळ्याला लोखंडी खिळ्यांचा पट्टा बांधतात. मीही बांधते. घामात लोखंडाचा वास मिसळला की मला माझा मामा आठवतो.

मामानं स्पेनमधल्या एका म्हाताऱ्या सरदाराची जुनी कादंबरी पानं सुटेपर्यंत वाचली होती. त्यातला सरदार पवनचक्क्यांना राक्षस समजून भाला घेऊन धावतो. एका दुपारी मामानं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून गळ्याभोवती बांधला आणि काठी घेऊन बांधावर उभा राहिला. बिबट्या उसात राहतो, हे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

"पुस्तकानं डोकं फिरवलं राव याचं!" लोक पोट धरून हसले.

मामानं मला जवळ ओढलं. "हसू दे त्यास्नी. तू बघ. वारा न्हाई, तरी पानं हलत्यात."

मला नुसता ऊस दिसला होता.

आत्ता मी पट्टा बांधून खुरपं हातात घेतलंय. वारा साफ पडलाय. समोरच्या उसाची पानं हलतायत.