समाजमंदिरातलं न झालेलं भजन

ईशा, निहार, माझ्या नातवंडांनो, कुसुमआजी गेल्याचं तुम्हांला फोनवर सांगितलं तेव्हा ईशाने एवढंच विचारलं होतं, "कशाने?" मृत्यूच्या दाखल्यावर 'हृदयक्रिया बंद पडल्याने' असं आहे, आणि ते खोटं नाही. पण उत्तर तेवढ्यावर संपत नाही. त्या दिवशी मला पुढे बोलता आलं नाही, म्हणून आता महिन्याभराने नीट बसून लिहिते आहे.

बदलापूरच्या आमच्या इमारतीत मी पहिल्या मजल्यावर आणि कुसुम चौथ्या, म्हणजे सगळ्यांत वरच्या. माझ्या खिडकीवर जांभळाची सावली असते, तिच्या डोक्यावर थेट गच्ची होती. बालवाडीत उभा जन्म काढलेली, एकटी राहणारी बाई. माझ्याहून लहान, म्हणून मी तिला एकेरी हाक मारायची आणि ती मला वहिनी म्हणायची. दर उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गच्चीला चुना फासून घ्यायची, त्यामुळे खाली खोलीत निदान श्वास घेता यायचा. मग पावसाळ्यात गच्ची गळते म्हणून सोसायटीने तिच्यावर काळं डांबरी आवरण चढवलं. गळती थांबली आणि कुसुमच्या घराची भट्टी झाली. त्यावर पुन्हा चुना मारू का, असं तिने विचारलं, तर ठेकेदार म्हणाला, मग गॅरंटी जाईल. सोसायटीच्या सभेत सगळ्यांनी गॅरंटीच्या बाजूने हात वर केले.

"एसी घे गं," मी म्हटलं होतं. "वहिनी, माझ्या एसीची गरम हवा शेजारच्या खिडकीत जाणार. तिथलं तान्हं बाळ रडणार, मग ते लोकही एसी घेणार. आणि लाईट गेली की सगळेच पुन्हा घामाघूम." सकाळी कचऱ्याची घंटागाडी यायची, तिच्या भोंग्यावर सूचना असायची की दुपारी घराबाहेर पडू नका. कुसुम गॅलरीतून ओरडायची, "अरे बाबा, वर ये आणि माझ्या घरात तासभर बसून दाखव."

समोर सरकारी समाजमंदिर आहे. उंच छत, जाड भिंती, भोवती झाडं, आणि दुपारभर दाराला कुलूप. आम्ही दोघी कचेरीत गेलो. साहेबांनी विचारलं, "कार्यक्रम कोणता?"

"बसायचंय. ऊन उतरेपर्यंत," कुसुम म्हणाली.

"नुसतं बसायला हॉल देता येत नाही, मावशी. कार्यक्रम लागतो."

"मग लिहा, भजन."

मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला एक अभंग धड म्हणता येत नव्हता. पण दुसऱ्या दिवसापासून आमच्या आणि आजूबाजूच्या इमारतींतल्या वरच्या मजल्यावरच्या बायका तिथे जमू लागल्या. कोणी भाजी निवडायची, कोणी बाळाला पाजायची, बऱ्याच जणी फरशीवर पाठ टेकून झोपायच्या. भजनी मंडळ म्हणून दाखवायला माझ्याकडची पितळी टाळांची एक जोडी न्यायचो. शिपाई संतोष दारातून हळूच म्हणायचा, "मावशी, साहेब आ रहे हैं, जरा वाजवा ना." कुसुम पडल्या पडल्याच टाळ दोनदा आपटायची. "झालं भजन. आता देवालाही झोपू दे."

मे महिन्यातल्या त्या दिवशी हॉल हळदीसाठी दिला होता. लग्नसराई होती, कोणाला काय म्हणणार... सकाळीच लिफ्टपाशी भेटली तेव्हा कुसुम म्हणाली, "मी जेवून तुमच्याकडे येते." मी तिच्यासाठी खिडकीखाली चटई टाकून ठेवली. मग वीज गेली, लिफ्ट बंद पडली. गुडघ्यांमुळे तिला जिना उतरवत नव्हता. मी फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. शेजारणीला घेऊन मी वर गेले, शेजारणीकडे ठेवलेल्या जादा किल्लीने दार उघडलं. कुसुम फरशीवर होती. अंगावर ओली चादर घेऊन झोपली असणार. आम्ही पोचलो तोवर चादर कडकडीत वाळली होती. बाहेर जनरेटरवर हळदीची गाणी चालू होती.

शाळेच्या प्रकल्पासाठी निहारने मला विचारलं होतं, तापत्या पृथ्वीसाठी आपण काय करायचं. कुसुमने तिच्या हातात होतं ते सगळं केलं. पण गच्च्यांवर काय चढवू द्यायचं ते ठरवणं, रस्त्यासाठी झाड पाडण्याआधी रस्ता वळवणं, कोळसा न जाळता वीज आणणं, आणि तोवर निदान एक थंड दार लोकांसाठी उघडं ठेवणं, हे चौथ्या मजल्यावरच्या एकट्या बाईचं काम नव्हे. सोसायटीने आता गच्ची पांढरी करून घेतली आहे. गॅरंटीचं नाव कोणी काढलं नाही. ते घर सध्या रिकामं आहे.

आम्ही बायकांनी पुन्हा अर्ज दिला. या वेळी कारणाच्या जागी स्पष्ट लिहिलं: उन्हापासून बसण्यासाठी. उत्तर आलेलं नाही. पाऊस लांबला आहे आणि दुपारी अजून अंग भाजतं. म्हणून जेवणं झाली की मी खुंटीवरचे टाळ काढते आणि समोर जाते. बायका पायरीवर थांबलेल्या असतात. मी टाळ दोनदा आपटते, आणि संतोष कुलूप काढतो.