बुटाची माती
प्रताप नगरच्या चौकात बूट शिवणारे काका बुटाखालची माती बघून माझी भटकंती ओळखतात. आरीनं खरवडत म्हणतात, “काळी हाय. चिखलदऱ्याले गेलते ना भाऊ?”

एकदा म्हणाले, “मलेबी न्याजा एखाद्या बारी.”

“पुढच्या वेळी नक्की,” मी म्हटलं. माझ्या जिभेला सवयच आहे तशी.

त्यानंतर तीनदा डोंगरात जाऊन आलो, एकटाच. काल पचमढीहून आल्यावर बूट शिवायला नेले, तर त्यांच्या पेटीवर माझाच जुना, त्यांच्याकडेच टाकून दिलेला जोड. नवा सोल, चकचकीत पॉलिश.

“हे कोणासाठी?”

“माह्यासाठी. तुमी म्हटलं होतं ना, पुढच्या बारी.”

मग त्यांनी माझ्या बुटांची लाल माती सावकाश खरवडली. कुठली, ते मात्र बोलले नाहीत.